काठमांडूची माय

लातूरच्या गंजगोलाईजवळ त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला तो फोनच्या दुखण्यावरून हाक मारतो, "ओ फुटकी काच! ओ सुजलेली बॅटरी!" मला मात्र 'काठमांडू'. माझं गाव तिथून दोन दिवसांवर, हे त्याला पटतच नाही.

आठवीतून शाळा सोडून मी नेपाळहून आलो, इथं हॉटेलात भजी तळतो. आईला ऐकू येत नाही. आमचं सगळं गाव वापरायचं त्या चिनी ॲपवर ती रोज माझा चेहरा बघायची. भारताचं चीनशी बिनसलं आणि इथं ते ॲप बंद झालं. बहीण फोनवर रडायची, "आई म्हणते, तो गेलाय, तुम्ही लपवता."

दुकानात जाऊन हे सांगितलं, तसं त्यानं दातातला स्क्रूड्रायव्हर काढला. "हाव, होतंय." बहिणीला फोन लावून दुसरं ॲप घ्यायला सांगू लागला. फोन माझ्या हाती न देता 'हिरवं दाब'चं नेपाळी त्यानं माझ्याकडून खोक्यावर लिहून घेतलं आणि तासभर ओरडला, "हरियो थिच, बहिनी!" गिऱ्हाइकांची रांग कुरकुरली. "थांबा की! काठमांडूची माय अडकलीय, तुमचा चार्जर कुठं पळून चाललाय?"

अन् आई दिसली! तिनं पडद्यावरच माझे गाल चाचपले. अख्ख्या रांगेनं टाळ्या पिटल्या.

केस विंचरून मग तो फोनसमोर आला. आईनं आशीर्वादाला हात उचलला, तसं त्यानं डोकं वाकवून फोनला टेकवलं.

"लई झालं," तो डोळे पुसत रांगेवर खेकसला. "आना, कुणाची काच फुटली?"