मधली तार

"आधी मधली तार बघा, मग तोंड उघडा."

गटिंगवाली मावशी हे वाक्य दिवसातून चार वेळा तरी बोलायची. कधी गिऱ्हाइकाला, कधी भिंतीला, कधी नुसतंच स्वतःशी. टेनिसच्या रॅकेटला तारा ओवायच्या, त्या ताणायच्या, गाठी मारायच्या, या कामाला सगळे गटिंग म्हणतात. ते तिनं सासऱ्यांच्या हाताखाली शिकून घेतलं. सासरे गेले, पुढं नवराही गेला. मशीन राहिलं, आणि मशीनबरोबर मावशी राहिली. क्लबात तिला तीस वर्षं होत आली होती.

तिची खोली म्हणजे प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालची तिरपी जागा. दारात माणूस ताठ उभा राही, दोन पावलं आत आला की मान घाली, आणि टेबलापर्यंत पोचेतो कमरेत वाकलेला असे. मावशी म्हणायची, "माझ्याकडे भलेभले वाकूनच येतात. छताचे उपकार."

रॅकेट हातात आली की ती जुन्या तारा मधून बाहेर अशा हळूहळू कापायची, नाहीतर फ्रेमला पीळ बसतो. कापलेल्यांतल्या मधल्या चार उभ्या तारा वेगळ्या काढायची, दोऱ्यानं बांधायची, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर नाव आणि तारीख लिहून जुडी खिळ्याला अडकवायची. वर्षभर ती जुडी तिथं राहायची. ही रीत सासऱ्यांची. एका बड्या सभासदानं एकदा बोभाटा केला होता की तुमचं काम कच्चं, आठ दिवसांत तार तुटली. तेव्हा सासऱ्यांनी मधल्या तारा काढून त्याच्या नाकासमोर धरल्या. जो चेंडू मधोमध घेतो त्याच्या तारा एकमेकींवर घासून खाचतात, करवतीनं कापल्यासारख्या, आणि त्या खाचेतच तुटतात. जो काठावर मारतो त्याची तार काठाशी तुटते. आणि जो रॅकेट गाडीच्या डिकीत उन्हात टाकून ठेवतो त्याची तार न खेळताच वाळून तुटते. त्या सभासदाच्या मधल्या तारा नव्या नवरीसारख्या चकचकीत होत्या. त्यानंतर तो सासऱ्यांकडे फिरकला नाही, पण रीत कायमची पडली.

मावशीच्या खोलीला एक खिडकी होती, वीतभर. तिच्यातून आठही कोर्टं दिसायची. आणि डाव्या बाजूच्या व्हरांड्यातलं बोलणं ऐकू यायचं, ऐकायचं नसलं तरी. दर रविवारी तिथं चहाबरोबर एकच विषय निघे. अमक्या देशात लोकवस्ती आपल्या एका शहराइतकी, आणि त्यांचे पहिल्या शंभरात नऊ खेळाडू. आपल्याकडे एक का नाही?

"उंची कमी पडते आपली," एक म्हणायचा.

"हवा हो. एवढ्या उकाड्यात काय डोंबल खेळणार."

"मुळात पोरांत भूक नाही राहिली," तिसरा म्हणायचा, आणि तो हे म्हणायचा तेव्हा त्याच्या हातात दुसरं सँडविच असायचं.

मावशी खाली पकडीत तार आवळत दात आवळायची. तिच्या खिडकीतून दिसायचं ते असं: सकाळी दहा ते दुपारी चार आठ कोर्टं मोकळी. लाल मातीवर पाणी मारलेलं, रोलर फिरवलेला, चुन्याच्या रेषा पांढऱ्याशुभ्र, जाळ्या ताणलेल्या, आणि फाटकाला कुलूप. रोज सहा तास ही कोर्टं कुणाची वाट बघत बसायची कोण जाणे. नोकरांच्या मुलांनी कोर्टावर पाय ठेवायचा नाही, मोकळं असलं तरी नाही, असा नियम होता. तो फळ्यावर लिहिलेला होता, आणि त्या फळ्याखालीच रविवारचा चहा व्हायचा.

कोर्टांना पाणी मारणारा एक शांत माणूस होता. सगळे त्याला पाणीवाला म्हणत. त्याची मुलगी तेरा वर्षांची. पंपघराच्या मागच्या बाजूला कोरी भिंत होती, तिच्यावर त्या मुलीनं खडूनं जाळीच्या उंचीची रेघ मारली होती. सकाळी साडेपाचला ती तिथं यायची आणि पहिली गाडी फाटकात शिरेपर्यंत मारत राहायची. चेंडू सभासदांनी टाकून दिलेले, लव उडालेले. रॅकेट कुणीतरी कचऱ्यात टाकलेली, एका जागी तडकलेली, मावशीनं चिकटपट्टी गुंडाळून सावरलेली. दर बारा दिवसांनी तार तुटायची. मावशी रिळातले उरलेले तुकडे जपून ठेवायची. एका तुकड्यात उभ्या, दुसऱ्यात आडव्या, दोन रंगांची जाळी व्हायची.

"मावशी, परत तुटली," मुलगी दारात ओशाळून म्हणायची.

"तुटली तर रडतेस काय? कुठं तुटली ते दाखव."

नेहमी मधोमधच तुटलेली असायची. चारही तारा खाचलेल्या, आणि तुटलेली खाचेतच. गेल्या वर्षभरात खिळ्यावर तिच्या एकोणतीस जुड्या झाल्या होत्या. मावशीनं तीस वर्षांत असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं, पण ती मुलीला तसं बोलली नाही. म्हणाली, "डावीकडच्या फटक्याला मनगट ढिलं सोडतेस. खाच तिरकी येते."

मग त्या वर्षी क्लबानं मोठा घाट घातला. सहा मुलं निवडायची, दोन वर्षं रोज शिकवायची, स्पर्धांना पाठवायची, आणि मग बघा म्हणे. निवडीसाठी एक पाहुणा कोच बोलावला. माणूस आपल्याकडचाच, पण वीस वर्षं त्या खेळाडू पिकवणाऱ्या छोट्या देशात शिकवून आलेला. सकाळी अकराला त्याचं भाषण, दुपारी चारला चाचणी.

त्या दिवशी दहा वाजता सेक्रेटरी वाकून मावशीच्या खोलीत आले. हातात सहा नव्या कोऱ्या रॅकेट, तारांशिवाय.

"तीनपर्यंत झाल्या पाहिजेत, मावशी. निवडलेल्या मुलांना द्यायच्यात. फोटो आहे."

"चाचणी चारला आहे ना, साहेब?"

"हो."

"मग निवडलेली मुलं दहालाच कशी कळली?"

सेक्रेटरी हसले. माणूस गोडबोल्या होता. "अहो, आपलीच तर मुलं आहेत. मला काय परकी आहेत?"

मावशीनं हातातला टोचा खाली ठेवला. "पाणीवाल्याच्या पोरीलाही उभी करा चाचणीला. निवडू नका वाटल्यास. नुसती उभी करा."

"भावना समजतात मला. पण फॉर्मवर सभासद क्रमांकाची जागा आहे. तिथं काय लिहू, तुम्हीच सांगा."

"भोपळा लिहा."

"तुम्ही पण ना," म्हणत सेक्रेटरी मागच्या मागे वाकत बाहेर पडले.

सहा नावं रॅकेटच्या मुठींना चिकटवलेली होती. मावशीनं ती वाचली आणि भिंतीकडे वळली. सहाही जणांच्या जुड्या होत्या. वर्षाला एक, फार तर दोन. पाच जणांच्या मधल्या तारा कोऱ्या. सहाव्याची जरा खाचलेली, आणि तीही बहुतेक त्याच्या धाकट्या भावानं खेळून. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. व्हरांड्यात खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. भाषण सुरू झालं. ती ऐकत राहिली.

पाहुणा बोलायला चांगला होता. म्हणाला, "मला सगळीकडे हेच विचारतात, त्यांच्याकडेच का घडतात? उंची नाही, रक्त नाही, हवा तर नाहीच, वर्षातले पाच महिने तिथं बर्फ असतो. मी ज्या गावात शिकवायचो तिथं दोनच कोर्टं होती. पण कोर्टाची किल्ली पावाच्या दुकानाबाहेर खिळ्याला टांगलेली असायची. ज्याला खेळायचं त्यानं घ्यायची, खेळून झालं की परत टांगायची. कुणाचा मुलगा, कुणाची मुलगी, कुणी विचारायचं नाही. शंभर पोरं मारत सुटायची, त्यांतली दोन वर यायची. ती दोन कुठली, हे आधी कुणालाच माहीत नसतं. म्हणून किल्ली बाहेर. बाकी काही गुपित नाही."

टाळ्या पडल्या. चांगल्या जोरात पडल्या. मावशीला वाटलं, आपल्या छातीत तीस वर्षं अडकलेलं कुणीतरी उचलून बाहेर ठेवलं. तिनं भिंतीवरून मुलीच्या एकोणतीस जुड्या काढल्या, त्या सहा जणांच्या काढल्या, ओच्यात घेतल्या आणि व्हरांड्याच्या पायऱ्या चढली. या पायऱ्या ती एरवी चढत नसे.

टेबलावर चहाचे कप होते. ते तिनं मनगटानं बाजूला सारले आणि जुड्या मांडल्या.

"मावशी, आत्ता नको," सेक्रेटरी हळूच म्हणाले.

"तुम्हाला नाही दाखवत. सरांना दाखवतेय. सर, आधी मधली तार बघा."

पाहुण्यानं एक जुडी उचलली. नखानं खाच चाचपली. दुसरी उचलली, तिसरी. तारखा वाचल्या. त्याचा चेहरा बदलला. कामाच्या माणसाचा झाला.

"बारा दिवसांत? कोण आहे हा?"

"ही. तेरा वर्षांची आहे. पंपघराच्या भिंतीवर खेळते. आणि या बाकीच्या जुड्या तुमच्या यादीतल्या. त्याही बघून घ्या, डोळे दिपतील इतक्या चमकतात."

कुणीतरी खोकलं. सँडविचवाल्यानं सँडविच खाली ठेवलं.

"मला ही मुलगी बघायची आहे," पाहुणा म्हणाला.

"बघूच ना, सर," सेक्रेटरी म्हणाले. "फक्त सभासद नसलेल्यांसाठी समितीचा ठराव लागतो. पुढच्या महिन्यात सभा आहे, तिथं विषय ठेवतो. आजची यादी सूचनाफलकावर लागलीही. आणि सर, आपल्या दोन वर्षांच्या करारावर सह्याही परवाच व्हायच्यात."

शेवटचं वाक्य त्यांनी सगळ्यांत गोड आवाजात म्हटलं. पाहुणा जुडीकडे बघत राहिला. त्याचा अंगठा अजून खाचेवर होता. मावशी त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि ते तोंड तिच्या डोळ्यांसमोर मिटत गेलं.

"पुढच्या वेळी नक्की बघू," तो म्हणाला.

मावशीनं मांडलेल्या जुड्यांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "यांना माहीत नव्हतं, म्हणून यांच्यावर रागावून राहिले मी इतकी वर्षं. तुम्हाला तर माहीत आहे. आत्ताच सांगितलंत, टाळ्याही घेतल्यात."

"मावशी," पाहुणा म्हणाला, "एका दिवसात असं काही—"

"किल्ली बाहेर टांगायला दिवस लागतो होय?"

तिनं मुलीच्या जुड्या गोळा केल्या. पाहुण्याच्या हातातली मागून घेतली. त्यानं ती जरा उशिरानं सोडली. बाकीच्या जुड्या घेऊन ती सूचनाफलकाकडे गेली. तिथं सहा नावांची यादी लावलेली होती. प्रत्येक नावाशेजारी तिनं ज्याची त्याची जुडी टाचणीनं टोचली. काही फाडलं नाही, काही खरडलं नाही. ज्याचं त्याला दिलं.

खोलीत येऊन तिनं मशीनचे स्क्रू सैल केले. मशीन सासऱ्यांचं, म्हणजे तिचं. टोचा, पक्कड, रिळं पिशवीत भरली. सहा कोऱ्या फ्रेम टेबलावर ओळीनं मांडून ठेवल्या. साधी जाळीदेखील नसलेल्या, आरपार दिसणाऱ्या. दार ओढून घेतलं आणि खोलीची किल्ली दाराबाहेरच्या खिळ्याला टांगली.

पदराची चुंबळ करून मशीन डोक्यावर घेतलं तेव्हा मुलगी पंपघराच्या कोपऱ्यावरून पळत आली.

"मावशी, कुठं चाललीस?"

"घरी."

"मग माझी तार?"

"माझ्या घरामागं दिराचं गोदाम आहे, रिकामं. लांबलचक भिंत आहे, तुझ्या या भिंतीच्या दुप्पट. त्याची किल्ली आजपासून माझ्या दाराबाहेर खिळ्यावर असेल. यायचं, घ्यायची, खेळायचं. मला विचारायचं नाही. तुझ्यासारखं आणखी कुणी मारणारं असेल तर त्यालाही सांग, त्यानंही विचारायचं नाही." मग पिशवी सावरत म्हणाली, "आणि मनगट. सांगितलंय ना."

"पण मावशी, यादीत—"

"यादीत नाव नाही तुझं. मी भांडले, हरले. तुला दुसऱ्याकडून कळायला नको म्हणून सांगितलं."

मुलीनं मान हलवली. रडली नाही. रॅकेटची मूठ मात्र दोन्ही हातांनी धरली.

मावशी कोर्टांच्या कडेकडेनं फाटकाकडे चालू लागली. डोक्यावर लोखंड होतं, म्हणून मान ताठ होती. एरवीही ताठच असायची. व्हरांड्यातून सेक्रेटरी बघत होते, हातात बिनतारांची रॅकेट घेऊन. पाहुणा उभा राहून बघत होता, बसायला विसरला होता. तिसऱ्या कोर्टावर पाणीवाला नळी धरून बघत होता. बघता बघता नळी एकाच जागी राहिली, लाल मातीचा चिखल झाला, चुन्याची पांढरी रेघ त्यात हळूहळू वाहून गेली, आणि त्यानं ती जाऊ दिली.