फुजैरापर्यंत स्कोअर सांगायचा नाही

शुक्रवारी सकाळी साडेआठला दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्समधून निघालो. गाडीत बसण्याआधीच लेकीला तंबी दिली, "रेवा, स्कोअर सांगायचा नाही. मला नाही, आणि सावंतकाकांना तर मुळीच नाही."

"ओके बाबा, यू सेड इट टेन टाइम्स."

खुलासा करतो. सावंत फुजैराच्या ऑइल टर्मिनलवर इंजिनियर. आधी जहाजावर होता, तेव्हा इंग्लंडमधल्या एका बंदरात अठरा दिवस अडकला आणि तिथल्या फुटबॉल क्लबच्या नादी लागला. त्यानंतर त्या क्लबने काहीही जिंकलेलं नाही. तरी ड्युटीमुळे मॅच चुकली की सावंत ती रेकॉर्ड करतो, शुक्रवारी मी जातो आणि निकाल माहीत नसताना दोघं ती बघतो. आठ वर्षं हेच चाललंय. त्यासाठी आठवडाभर पेपर उघडायचा नाही, ऑफिसात विषय निघाला की उठून जायचं. लोक वेडे म्हणतात, म्हणू देत.

या वेळी कपची सेमीफायनल होती. आणि मंदीत सावंतची नोकरी गेली होती. बायको-मुलं आधीच चिपळूणला गेलेली, त्याचं विमान रविवारी. म्हणजे हा आमचा शेवटचा शुक्रवार. पण रेवाने मॅच मैत्रिणीकडे लाइव्ह बघितली होती, आणि दहा वर्षांच्या पोरीच्या पोटात काय राहतं!

जाणाऱ्यांनी धैदवरून मसाफीचा रस्ता घ्यावा. दोन तास पुरतात. वाळू संपते आणि एकदम काळपट, बोडके डोंगर लागतात. मसाफीचं फ्रायडे मार्केट नावालाच शुक्रवारचं, उघडं रोज असतं. गालिचे, मडकी, फळं. कडक चहा एक दिरहॅम, म्हणजे तेरा रुपये, आणि तेवढ्याचा नक्की आहे. संत्री घेताना फळवाल्याने विचारलं, "सेमीफायनल देखा, साब?"

"खलास भाई, कुछ मत बोलो!" मी चक्क कानात बोटं घातली. त्याने दया येऊन एक संत्रं जास्त टाकलं.

सावंतच्या फ्लॅटमध्ये गालिचा, टीव्ही आणि खोकी एवढंच उरलं होतं. खालच्या हॉटेलातून सुरमई आणि भात आला. मॅच लावली. नव्वद मिनिटांनी एक-एक. एक्स्ट्रा टाइम सुरू झाला आणि तिसऱ्या मिनिटाला पडदा निळा झाला. गड्याने रेकॉर्डिंग दोनच तासांचं लावलं होतं!

"अरे, तू इंजिनियर ना?" मी ओरडलो. इंटरनेट कालच कापलेलं. सावंत खोक्यावर बसला. इतका पडलेला चेहरा नोकरी गेली तेव्हाही नव्हता. मग रेवाकडे वळून म्हणाला, "तू बघितलीस ना गं? पुढचं सांग."

रेवाने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच हो म्हटलं.

मग तिने चपलांचा गोलपोस्ट मांडला, संत्र्याचा बॉल केला आणि गालिच्यावर सगळा एक्स्ट्रा टाइम करून दाखवला. फाउल, पडणं, गोलकीपरचं थुंकणंसुद्धा. पेनल्टी एकेक करून मारल्या. "लास्ट वन, काका... सेव्ह्ड! वी वॉन!"

"जिंकलो?" सावंत उठला. "जिंकलो रे!" त्याने मला घट्ट मिठी मारली आणि ढसाढसा रडला. आठ वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मलाही आवरेना.

परतताना मसाफीच्या पुढे मी रेवाला म्हणालो, "बघ, शेवटी आपलीच टीम फायनलला!"

"दे लॉस्ट, बाबा."

गाडी बाजूला घेतली. "मग काकांना खोटं सांगितलंस?"

"यू सेड डोन्ट टेल हिम द स्कोअर."

कप्पाळ! सावंतला फोन करून खरं सांगावं असं दोन दिवस वाटत राहिलं. नाही केला. तो गेला.

फुजैराला त्यानंतर जाणं झालं नाही. नुसता समुद्र बघायला दोन तास कोण जातं? शुक्रवार मोकळा पडतो आणि ते मला आवडत नाही, हे सरळच सांगतो.

फायनलच्या संध्याकाळी चिपळूणहून फोन आला. "टीव्ही आहे रे घरात, पण मी नाही लावला. रेवाला दे. ती सांगेल तशी ऐकतो."

"सावंत, तुला माहितीय ना, आपली टीम..."

"स्कोअर सांगायचा नाही," तो म्हणाला.

मी फोन रेवाकडे दिला. टीव्हीवर भलतेच दोन संघ मैदानात उतरत होते. तिने तिकडे पाठ केली आणि सुरुवात केली, "काका, वी आर इन ब्लू टुडे."