मोह वेचून कामावर येणाऱ्या बायका

मित्रमैत्रिणींनो, परवाची माझी पोस्ट तुम्ही खूप शेअर केलीत. जंगलाजवळच्या ज्या रिसॉर्टमध्ये मी रिसेप्शनला आहे, तिथल्या बायका मोहाच्या दिवसांत पहाटे फुलं वेचून मगच कामावर येतात आणि आमचे मॅनेजरभाऊ त्यांना उशिरा येऊ देतात, असं मी कौतुकानं लिहिलं होतं.

ती पोस्ट नागपूरला मालकांनी वाचली. आज त्यांचा फोन आला, उद्यापासून जी उशिरा येईल तिनं घरीच बसावं.

मॅनेजरभाऊंनी तो निरोप सगळ्या बायकांना सांगितला. स्वयंपाकघरातल्या शेवंताबाई मला म्हणाल्या, "पोरी, लिवलं तं चांगलंच. पण मालकाले काऊन सांगतलं?"

"मी नाई सांगतलं बाई, मोबाइलवर टाकलं फक्त."

"मंग त्याले कसं मालूम झालं? आमी झाडाखाली उशिरा गेलो तं फुलं ढोरं खाऊन टाकतेत."

मी एक शब्दही खोटा लिहिला नव्हता. आता पोस्ट काढून तरी काय होणार? घरी विचारलं तर बाबा म्हणाले, "शिकली तू, तुलेच मालूम."

मला खरंच नाही मालूम. उद्या पहाटे शेवंताबाईंनी झाडाखाली जावं की कामावर यावं, तुम्ही काय सांगितलं असतं?