पांडूभाऊंच्या डब्यातला बेडूक

पोरांनो, आज दुपारी मी लॅबमधला जिवंत बेडूक पांडूभाऊंच्या डब्यात टाकला. नको व्हतं करायला.

मी कालेजात शिपाई, भाऊ लॅबमधले जुने. रोज ड्युटी सुटल्यावर मला थांबवतात, कुठल्या बाटलीत काय हाय ते शिकवतात. "किती वर्षं घंटा बडवशील रं? लॅबमध्ये ये," म्हणतात.

मला वाटलं, भाऊ लॅबमध्येच डबा उघडतील, दचकतील, आपण हसू. पण भाऊ डबा घेऊन थेट प्रिन्सिपल सायबांच्या केबिनमध्ये! वहिनींनी गावाकडून, दिघाशीवरून सायबांसाठी वालाचं बिरडं धाडलं व्हतं. आन् भाऊ माझ्याच बढतीचं बोलायला गेलेले.

मी दाराबाहेर. आधी झाकण वाजलं, मंग सायेब किंचाळले. बेडूक त्यांच्या मांडीवर.

"कोणाचं काम आहे हे? उद्याच हाकलतो त्याला!"

भाऊंनी मला आत ओढलं, खांद्यावर हात ठेवला. "सायेब, हा पोरगा लई हुशार हाय. ज्यानं केलं त्याला उद्या सकाळी तुमच्यासमोर उभा करील. केला, तर याला लॅबमध्ये घ्या."

सायेब बोलले, "ठीक आहे. आण त्याला."

तेव्हा भाऊंनी माझा खांदा जोरात दाबला. शाबासकी म्हणून, का सगळं कळलं म्हणून? तेच समजत न्हाय.

आता तुम्हीच सांगा, उद्या कोणाला उभा करू? वाचून झालं की हा कागद फाडा. पाया पडतो तुमच्या, कोणाला बोलू नका. भाऊंना तर न्हायच न्हाय.