मामांची कोरडी रायफल

बंदुकीला माझ्या सासऱ्यांइतका जपणारा, आणि तरीही ज्याच्या बंदुकीचं पाखरालासुद्धा भय नाही, असा माणूस शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत दुसरा नसेल. मी त्यांना मामा म्हणायचो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दौंडच्या रेल्वे कॉलनीतला एक अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर ऑस्ट्रेलियाला कायमचा निघाला, तेव्हा मामांनी त्याची रायफल रीतसर परवान्यावर घेतली. निघताना त्यानं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती: हिला तेल लावायचं नाही. तिच्या गोळ्या कुठं मिळेनात, त्यामुळं ती कधी उडाली नाही. तेल न लावणं एवढंच काय ते मामांच्या हाती उरलं.

तिचा दस्ता नायलॉनचा होता. नुसता दस्ताच नव्हे, आतलं घरही नायलॉनचं, वर पत्र्याचं झाकण. गोळी आत ढकलणारा लोखंडी बोल्ट त्या नायलॉनच्या खोबणीत आपला आपण घसरे. तेल घातलं की धूळ बसून आत चिखल व्हायचा. हे सगळं मामा दर रविवारी मला समजावून सांगत आणि कोरडं फडकं व दात घासायचा जुना ब्रश घेऊन तिला पुसत. मी मान डोलवायचो. खरं सांगायचं तर लोखंडाला तेल का चालू नये, हे मला कधीच नीट कळलं नाही, आणि तसं म्हणायची हिंमतही झाली नाही.

शेजारच्या आप्पांनी एकदा ती हातात तोलून पाहिली. म्हणाले, "आमच्या न्हाणीतल्या प्लॅस्टिकच्या बादलीची भैन दिसती ही. उन्हात ठिवू नका, इतळंल."

"बादली गळती, आप्पा," मामा शांतपणे म्हणाले. "ही न्हाई गळत."

खंडेनवमीला घरातले विळे-कोयते तेल लावून पाटावर मांडले जात. रायफलीला मात्र हळदीकुंकू, तेही लांबून. सासूबाई दरवर्षी विचारत, "सगळ्यांना तेल, आन् हिलाच उपास व्हय?"

"तिला पथ्य हाय," मामा म्हणत.

खरी परीक्षा निवडणुकीत. परवान्याची हत्यारं तेव्हा ठाण्यात जमा करावी लागत. तिथले हवालदार मायाळू होते. जमा झालेल्या प्रत्येक बंदुकीला ते आपल्या हातानं तेल चोळत. मामांची झोप उडायची. निकाल लागेपर्यंत ते रोज सकाळी ठाण्याच्या पायरीवर जाऊन बसत. "आबा, चोरीला जायची न्हाई तुमची बंदूक," हवालदार हसत. "चोराचं भ्या न्हाई वो," मामा म्हणत, "तुमच्या मायेचं हाय."

पुढं मामांना दिसेनासं झालं. बोल्ट कुठं आणि खोबण कुठं, हे ते बोटांनी चाचपून शोधू लागले. एक दिवस आपणहून म्हणाले, "जावईबापू, चला. कायमची देऊन टाकू." मी ठेवून घेईन, असं त्यांना वाटलं होतं की काय, कोण जाणे. मी रायफल फडक्यात गुंडाळून घेतली.

ठाण्यात नवा पोरगेला शिपाई होता. मामांनी त्याला नायलॉन, खोबण, धूळ, सगळं सावकाश समजावलं. "व्हय आबा," असं प्रत्येक वाक्याला म्हणत त्यानं मन लावून ऐकलं. आम्ही बाहेर आलो. मी खिडकीतून सहज वळून पाहिलं. तो टेबलावर रायफल आडवी घेऊन, तेलाच्या बोळ्यानं बोल्ट अगदी हळुवार पुसत होता.

मी सांगावं की नाही, या घोटाळ्यात पडलो. पण तेलाचा वास मामांपर्यंत पोचला होता. ते थबकले. मी आत जायला निघालो, तसा त्यांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "त्याला दुसरं काय ठावं हाय? जपतोय की बिचारा."

मग माझा हात न सोडता ते स्टँडकडं चालू लागले.