वीतभर उंच छप्पर

१९८९ च्या हिवाळ्यात वर्ध्याला लागलेल्या तपासणी कॅम्पमध्ये आमच्या साडूभाऊंची अँबॅसडर नापास झाली. कारण एकच नोंदवलं गेलं: छप्पर मूळ बनावटीपेक्षा उंच. कागदावर ते इंचांत होतं. साडूभाऊ वीतभर म्हणत. सेलू तालुक्यात त्याआधीच्या पंधरा-सोळा वर्षांत जी लग्नं लागली, त्यांतल्या बऱ्याच नवरदेवांनी आयुष्यातला सर्वांत ताठ प्रवास त्या छपराखाली केला. मी तेव्हा एका दैनिकाचा जिल्हा वार्ताहर होतो आणि बातमीतली अतिशयोक्ती कापणं माझ्या सवयीचं होतं. हे वाक्य मी कापलेलं नाही.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सेलूत त्यांची पिठाची गिरणी होती. अंगानं मजबूत, पण उंचीनं इतके बेताचे की गिरणीत वरून धान्य ओतायला त्यांना पाटावर उभं राहावं लागे. जगातली प्रत्येक वस्तू ते स्वतःच्या वितेनं मोजत: दुकानातलं कापड, शेजाऱ्याची भिंत, ताटातली पुरणपोळीसुद्धा. कुणाच्या घरी गेले की आधी दाराची चौकट पाहत. चौकट ठेंगणी वाटली तर आत न जाता अंगणातल्या खाटेवर बसत आणि चहा बाहेरच मागवत. त्यांचं डोकं तालुक्यातल्या कुठल्याही चौकटीला लागणं शक्य नव्हतं, हे मी एकदा त्यांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, "माहं नाई लागत. पण मागून येनाऱ्याचं लागते ना."

या स्वभावाचं मूळ त्यांच्या लग्नात होतं. साठच्या दशकात त्यांची वरात हिंगणघाटला गेली ती कुणाच्या तरी मागून आणलेल्या मोटारीतून. डोक्याला चांगलं हातभर बाशिंग. एकदा बांधलेलं बाशिंग लग्न लागेपर्यंत सोडायचं नाही, आणि मोटारीचं छप्पर वर सरकायचं नाही; तेव्हा नवरदेव सेलूपासून हिंगणघाटपर्यंत हनुवटी छातीला टेकवून गेले. मांडवात उतरले तेव्हा मान अवघडून तशीच राहिली होती. अंतरपाट दूर झाला तरी ती वर होईना. "सारा मांडव म्हने नवरदेव लाजून राह्यला," ते सांगत. "अन् मी तुमच्या ताईचे पाय पाहून राह्यलो होतो. तोंड दुसऱ्या दिवशी पाह्यलं." त्या लग्नाचा एकच फोटो घरात लावलेला आहे. त्यात ताई कॅमेऱ्याकडे पाहतात आणि साडूभाऊ जमिनीकडे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गिरणी बरी चालू लागली आणि त्यांनी कापसाच्या एका जिनवाल्याची जुनी अँबॅसडर विकत घेतली. घरी आणण्याआधीच ती थेट कारंज्याला नेली. तिथे हायवेवर ट्रकच्या बॉड्या बांधणारा एक मिस्त्री होता. छप्पर कापा, मधे वीतभर पत्रा जोडा आणि पुन्हा बसवा, असं त्यांनी सांगितलं. मिस्त्रीनं गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "भाऊ, गाडी बनवाची हाय का देवघर?" साडूभाऊंनी पत्र्यावर वीत ठेवली आणि खडूनं खूण केली. बनून आलेली गाडी खरोखरच देवघरासारखी दिसे. वारा सुटला की ती डोलायची आणि जोडाच्या फटींतून शीळ घालायची. पावसाळ्यात फटी गळत. साडूभाऊ त्यांत गिरणीच्या पिठाची घट्ट कणीक भरत आणि उघडीप पडली की चिमण्या ती काढून नेत. हा उपाय टिकत नाही, हे त्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

ही गाडी नवरदेवासाठी मागितली की मिळे. भाडं नाही, पेट्रोल ज्याचं त्यानं भरायचं. अटी मात्र होत्या. मागे नवरदेव मधोमध बसेल आणि बाजूला करवली. गाडीत नवरदेवाला कुणी उपदेश करायचा नाही. एका मामांनी वाटेत भाच्याला संसाराच्या चार गोष्टी सांगायला सुरुवात केली, तेव्हा साडूभाऊंनी केळझरच्या अलीकडे गाडी थांबवून मामांना मागून येणाऱ्या वऱ्हाडाच्या ट्रकमध्ये बसवलं. वेग इतका कमी की बैलगाड्या मागून घंटा वाजवत पुढे जात. घाई करणाऱ्यांना त्यांचं ठरलेलं उत्तर होतं: "मान घालाची त लग्नानंतर हायेच. तवर त राहू द्या सरळ."

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस शेजारच्या खेड्यातले एक गुरुजी गिरणीवर आले. घर बौद्ध, वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेली. धाकट्या भावाच्या लग्नासाठी त्यांना गाडी हवी होती. गिरणीवर दळण घेऊन आलेल्यांपैकी एकानं शेरा मारला, की यांच्यात बाशिंग नाही, साधे पांढरे कपडे. यांना उंच गाडी काऊन पाहिजे? गुरुजींनी त्या माणसाकडे पाहिलं नाही. साडूभाऊंना म्हणाले, "बाशिंग नाई जी आमच्यात. पण आमचा बाप गावातल्या मोठ्या रस्त्यानं कधी वर पाहून गेला नाई." साडूभाऊंनी तारीख विचारली. लग्नाच्या दिवशी त्यांनी गाडी त्याच रस्त्यानं नेली, नेहमीपेक्षाही हळू. वेशीबाहेर पडल्यावर ती परत वळवली आणि पुन्हा त्याच रस्त्यानं आणली. वऱ्हाडातल्यांनी विचारलं, तर म्हणाले, वळण चुकलं. गावाला वेस एकच होती. तिथून निघताना गुरुजींचा दहा-बारा वर्षांचा मुलगा अंगणात खेळत होता. साडूभाऊंनी त्याच्या डोक्यावर वीत ठेवून सांगितलं, की याच्या लग्नाला हीच गाडी.

पुढे नवा मोटार कायदा आला. तोवर घरगुती गाडी एकदा नोंदली की तिच्याकडे कुणी फारसं पाहत नसे. आता पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी तपासणी करूनच नवी होणार होती, आणि बनावटीत केलेला फेरफार चालणार नव्हता. कुणी ट्रकचं इंजिन जीपला बसवलं होतं, कुणी मागची सीट काढून संत्र्यांच्या पेट्यांची सोय केली होती. सगळे आपापल्या गाड्या गुपचूप पहिल्यासारख्या करू लागले. साडूभाऊ करेनात. गुरुजींचा मुलगा वीज मंडळात लागला होता आणि त्याचं लग्न समुद्रपूरच्या मुलीशी ठरलं होतं. छप्पर उतरवलं तर शब्द जाणार, ठेवलं तर नोंदणी. मी एक तोड सुचवली: छप्पर पूर्ववत करा आणि मागची सीट वीतभर खाली घ्या; नवरदेव ताठच बसेल. "म्हंजे मान सरळ अन् मानूस खड्ड्यात," साडूभाऊ म्हणाले. "भायेरून नुसते केस दिसतीन, पत्रकार. लोक म्हनतीन, नवरदेव कुठी हाय?"

कॅम्पच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होतो. निरीक्षक उंच आणि तरुण होते. सकाळपासून प्रत्येक गाडीत वाकून शिरताना ते टोपी काढून काखेत धरत होते. आमच्या गाडीला त्यांनी बाहेरूनच टेप लावला, छपराचं कारण आणि ठरलेल्या लग्नाचं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की नियमात बाशिंग येत नाही; महिनाअखेरीपर्यंत छप्पर मूळ मापाचं करून आणा. त्यांच्या बोलण्यात अरेरावी नव्हती. साडूभाऊंनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "एक डाव मांगं बसून पाहा जी."

निरीक्षक आधी हसले. मग बसले. टोपी डोक्यावरच होती. त्यांनी एकदा डाव्या खिडकीतून आणि एकदा उजव्या खिडकीतून बाहेर पाहिलं. उतरल्यावर त्यांनी लग्न कधी आहे ते विचारलं. कागदावरचा 'नापास' शेरा तसाच ठेवला आणि मुदत लग्नानंतरच्या आठवड्यापर्यंत वाढवून लिहिली.

लग्नाच्या दिवशी गुरुजी वऱ्हाडाच्या ट्रकमध्ये चढत होते. साडूभाऊंनी त्यांना खाली उतरवलं आणि मुलाशेजारी बसवलं. गुरुजी उंच होते. वयानं आणि सवयीनं थोडे वाकलेले. मी पुढे साडूभाऊंच्या शेजारी होतो. गाडी मोठ्या रस्त्यानं वेशीपर्यंत गेली. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर लोक उभे होते. काहींनी हात केला, काहींनी केला नाही. मी आरशात पाहिलं तेव्हा गुरुजींची पाठ सीटला सरळ टेकलेली होती. वेस ओलांडल्यावर ते मागून हळूच म्हणाले, "भाऊ, वळण चुकते का जी आजही?"

साडूभाऊंनी गाडी वळवली.

पुढच्या आठवड्यात कारंज्याच्या त्याच मिस्त्रीनं मधला पत्रा कापून काढला. मजुरी घेतली नाही. कापलेला पत्रा साडूभाऊंनी डिकीत ठेवला. वर्ध्याला त्याच निरीक्षकांनी गाडी पुन्हा मोजली आणि पास केली. परतीच्या रस्त्यावर वारा होता, पण गाडी डोलली नाही आणि शीळही आली नाही. सेलू येईपर्यंत साडूभाऊ मान वाकवून गाडी चालवत होते. त्यांचं डोकं आणि छप्पर यांच्यात तेव्हाही वीतभर अंतर होतं.