मधल्या पायरीवरचे साहेब

देवानं विश्व घडवण्याआधी आमच्या साहेबांचा सल्ला घेतला असता, तर देव आणि माणूस यांच्यामध्ये निदान तीन मॅनेजर बसले असते आणि प्रत्येक नवस शिक्का मारूनच वर गेला असता. तारापूरच्या केमिकल कारखान्यात मी सुपरवायझर म्हणून चिकटलो, तेव्हाचे हे माझे मॅनेजर. मूळचे जवळच्याच दांडी गावचे कोळी, पण होडीत पाय ठेवला की पोटात ढवळायचं. अख्ख्या किनाऱ्यावर असा कोळी दुसरा झाला नाही. म्हणून ते कारखान्यात आले आणि येताना होडीवरची शिस्त तेवढी घेऊन आले. "तांडेल खलाशाला सांगतो, खलाशी दोर ओढतो. तांडेलच दोराला झोंबला का होडी बुडाली!" हे त्यांचं व्यवस्थापनशास्त्र.

हेल्परनं ऑपरेटरला, ऑपरेटरनं सुपरवायझरला, सुपरवायझरनं साहेबांना आणि साहेबांनी शेटना सांगायचं. मधली पायरी गाळलेली त्यांना खपत नसे. एकदा पॅकिंगमध्ये रेल्वेच्या फलाटाएवढी धामण शिरली. बातमी पायरीपायरीनं वर चढली, हुसकावायची परवानगी पायरीपायरीनं खाली उतरली, तोवर धामण कात टाकून, बहुधा बाळंतपणही उरकून निघून गेली होती. साहेब समाधानानं म्हणाले, "बघ, रीतसर गेलं का प्रश्न आपोआप सुटतो."

शिव्यांनाही हाच नियम. शेट एकदा एका ऑपरेटरवर असे कडाडले की बोईसर स्टेशनवरची कबुतरं उडाली. साहेब मध्ये उभे राहिले. "शेट, त्याला सुपरवायझर बोलंल, सुपरवायझरला मी बोलंन. तुमी मला बोला." शेट मनसोक्त बोलले. साहेबांनी घाम पुसला आणि खाली आमच्यापर्यंत एवढंच पोचवलं, "शेट जरा नाराज हायत. जेवलात का तुमी?"

मग शेटचे चिरंजीव परदेशातून शिकून आले आणि त्यांना आमच्या कारखान्यात एक पायरी जास्त दिसली. कुठली काढायची ते ठरवून, कोण कोणाच्या हाताखाली याचा नवा तक्ता आखायचं काम साहेबांकडेच आलं. माझी बायको तेव्हा सातव्या महिन्यात. नोकरी गेली तर बोईसरची खोली सोडून विक्रमगडला भावाच्या भातशेतीत परतायचं, दुसरा मार्ग नव्हता. त्या आठवड्यात आम्ही सुपरवायझरांनी साहेबांना इतके लवून नमस्कार केले की सगळ्यांच्या कंबरा धरल्या.

तक्ता लागला. खाली ऑपरेटर, वर आम्ही, आमच्यावर थेट शेट. मी केबिनकडे धावलो. साहेब डबा पिशवीत भरत होते.

"साहेब, तुमची चौकट राहिली!"

"राहिली नाय, काढली. रेघा बघ किती सरळ आल्या."

"आणि तुम्ही?"

"मी आता बायकोच्या हाताखाली. तिथं मधी कोणच नाय."

पुढं कारखाना वाढला, गाळलेली पायरी धाकट्या शेटना पुन्हा बसवावी लागली आणि तिच्यावर त्यांनी मला बसवलं. आता वरचं बोलणं माझ्यापाशी येऊन थांबतं, तेव्हा साहेबांनी काय काय पोटात घातलं असेल ते कळतं. आभार मानायला दांडीला गेलो, तर ते बोंबील वाळत घालत होते. मी पाया पडायला वाकलो तसे चार पावलं मागं सरकले. "अरे, आभार वर कशाला घेऊन आलास? ते खाली वाटायचे." निघताना सुक्या बोंबलांच्या दोन पिशव्या हातात दिल्या. "ही तुजी. ही तुज्या माणसांची."

एसटीत बसल्यावर लक्षात आलं, माझी पिशवी हाताला जाणवतही नव्हती. दुसरीनं मात्र बोटांवर लाल वळ उठले होते.